शंभरपैकी सहा होय

जानराव मास्तर सव्वीस वर्षं मूर्तिजापूरच्या शाळेत गणित शिकवत होते, आणि एवढ्या काळात ते शिकवायला लायक आहेत की नाहीत असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १९५९च्या जानेवारीत अमरावतीच्या शिबिरात ते एकदाचं विचारलं गेलं, तेही छापील कागदावर, शंभर प्रश्नांनी. उत्तर निघालं, जंगलखातं.

मास्तरांनी तो कागद चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि घरी आले. बायकोनं विचारलं, "काय शिकवलं वो तिथं?" मास्तर म्हणाले, "पोरायची आवड ओळखाले शिकवलं." बायको म्हणाली, "बाई! त्याच्यासाठी धा दिवस?"

खरं तर दहा दिवसही कमी पडले होते. आपला मुलूख मुंबई राज्यात गेल्यापासून कागद नागपूरऐवजी मुंबईहून यायला लागले होते आणि मुंबईचा कागद जाड असे. आठवी झालेल्या मुलाला पुढं शास्त्र द्यायचं, शेती द्यायची, वाणिज्य द्यायचं की गृहविज्ञान, हे यापुढं मास्तरच्या डोक्यानं ठरणार नव्हतं, चाचणीनं ठरणार होतं. शिबिरात सांगितलं की मुलं तीन जातींची असतात. काही डोळ्यानं शिकतात, काही कानानं, काही हातानं. मास्तर आजवर समजत होते की लेकरू पोटात अन्न असलं की शिकतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं नाही.

प्रत्येकाला एक हस्तपुस्तिका मिळाली, एक प्रश्नांचा गठ्ठा आणि भोकं पाडलेला एक पुठ्ठा. मुलानं भरलेल्या कागदावर पुठ्ठा ठेवायचा. भोकांतून जितक्या खुणा दिसतील तितक्या मोजायच्या. भोकांच्या रांगेपुढं धंदे लिहिलेले होते. ज्या रांगेत खुणा जास्त, तो त्या मुलाचा कल. शेवटच्या दिवशी जेवणात पुरणपोळी होती. तिच्यानंतरच्या व्याख्यानात काय सांगितलं ते साठ मास्तरांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. शेवटचं व्याख्यान देणाऱ्या साहेबांनीही पोळी दोनदा घेतली होती.

हेडमास्तर खुशालरावांनी जानरावांचा सत्कार केला. शाळेत एकच पंखा होता, तो ऑफिसात होता, आणि त्याच्याखाली त्यांनी जानरावांची खुर्ची मांडली.

"आता तुमी मार्गदर्शक, जानराव. मार्चात अमरावतीहून साहेब येऊन राहिले यादीवर सही कराले. ज्याची शिफारस नाई त्याले नववीत घ्याचं नाई, असा हुकूम आहे. आपली शाळा जिल्ह्यात पयली आली पायजे."

"साहेब, ह्याच्यात पयला-दुसरा नंबर नसते. ज्याची त्याची आवड असते."

"असं कसं? परीक्षा म्हटली का नंबर आलाच."

प्रश्नांचा कागद चाळीस मिनिटांत वर्गातच भरायचा असं पुस्तिकेत होतं. पण कागदाच्या खाली 'पालकाची सही' अशी एक ओळ होती, म्हणून खुशालरावांनी शनिवारी सगळे कागद मुलांबरोबर घरी धाडले. सरकारी कागद घरी आल्यावर काय होतं हे मुंबईच्या माणसाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आठवीत बेचाळीस मुलं. त्यातला गोवर्धन हा पंजाबराव पाटलांचा. पाटील शाळेच्या कमिटीवर होते. रविवारी त्यांच्या ओसरीवर दहा-बारा बाप आपापले कागद घेऊन जमले. प्रश्न होते असे: 'संग्रहालयाला भेट देणे मला आवडते.' 'समुद्रकिनाऱ्यावर शिंपले गोळा करण्यात माझा वेळ आनंदात जातो.' 'आजाऱ्याची शुश्रूषा करणे मला आवडते.' पुढं दोन चौकोन, 'होय' आणि 'नाही'.

एक बाप म्हणाला, "समुद्र त पोट्ट्यानं पाह्यलाच नाई. नाई लिहू का?"

पंजाबरावांनी पानाची पिंक टाकली. "लिही. आन् मंग बस बोंबलत. चार सालं झाली, तहसिलातून कागद आला होता, वावरात विहीर आहे काय म्हनून. म्या खरं लिहिलं, नाई. म्हटलं, नाई म्हटल्यावर देतीन विहीर. देल्लं कोनाले? ज्याच्या वावरात विहीर होती त्याले इंजिन देल्लं! मले काय देल्लं? दुसऱ्या साली कागद बी नाई देल्ला. सरकारी कागदावर नाई लिहू नाई बाप्पा. होय म्हना, काय देतात ते घ्या."

झालं. ओसरीवरून हा निरोप आठवडी बाजारात गेला आणि बाजारातून चहूकडच्या खेड्यांत. सोमवारी एक्केचाळीस कागद आले, त्यावर चार हजार शंभर होय. गोवर्धनला समुद्र आवडत होता, सुईणीचं काम आवडत होतं, दात उपटणं आवडत होतं आणि भजनात पेटी वाजवणंही आवडत होतं. तो डोळ्यानं शिकत होता, कानानं शिकत होता आणि हातानंही शिकत होता. सव्वीस वर्षांत इतकं शिकणारं पोरगं मास्तरांनी पाहिलं नव्हतं. याच गोवर्धनला ते तीन महिने त्रैराशिक शिकवत होते.

मास्तरांनी पुठ्ठा ठेवला. सगळी भोकं भरलेली. पुठ्ठा उलटा ठेवला, आडवा ठेवला, तरी तेच. शंभर होय असले की पुठ्ठा कसाही ठेवा, मुलगा विमानचालकही निघतो आणि दंतवैद्यही. पुस्तिकेच्या कोष्टकात नव्वदच्या वर होय असलेल्यांसाठी शेरा होता, 'असामान्य बहुमुखी प्रतिभा. सर्व शाखांस योग्य.'

"एक्केचाळीस!" खुशालराव उठून उभे राहिले. "अकोल्यात नसतीन एवढे. आन् बेचाळीसावं कोन?"

बेचाळीसावी ललिता होती. तिच्या कागदावर सहा होय होते आणि चौऱ्याण्णव नाही. दहाच्या आत होय असलेल्यांसाठीही कोष्टकात शेरा होता, 'रुचिशून्य. पुढील शिक्षणाचा आग्रह धरू नये.'

मास्तर तो शेरा पुन्हा पुन्हा वाचत राहिले. ललिता म्हणजे त्यांच्या वर्गातलं एक नवल होतं. तिचं गणित चुकायचं, नाही असं नाही. पण चुकलेलं ती खोडत नसे. चुकीभोवती पेन्सिलीनं गोल काढायची आणि खाली पुन्हा सोडवायची. तिच्या वहीची पानं गोलांनी भरलेली असत. एकदा मास्तरांनी विचारलं होतं, "काहून वो बाई, खोडून टाक ना." ती म्हणाली होती, "खोडलं त चूक कुठी झाली होती ते मंग कसं दिसन?" एकदा गोल पडलेली चूक तिच्या हातून पुन्हा झाल्याचं मास्तरांना आठवत नव्हतं. आता ती डोळ्यानं शिकते, कानानं की हातानं, हे पुठ्ठ्याला विचारलं तर तिथं तिन्हीपुढं नाही होतं.

"साहेब, ही पोरगी शास्त्राले गेली पायजे," मास्तर म्हणाले.

"कागद त म्हनते आग्रह धरू नका." खुशालराव चष्मा पुसत म्हणाले. "अन् जानराव, सांधेवाल्याची पोरगी आठवीलोक आली, हे का कमी आहे? पन आपला शंभर टक्के निकाल तिच्यापायी बिघडून राहिला. असं करा. कोरा कागद घ्या, तिच्या घरी जा, शंभर होय लिहून आना. सोमवारी साहेब येऊन राहिले. तिचंबी भलं, शाळेचंबी."

उपाय वाईट नव्हता. मास्तरांना तो सोपा वाटला, आणि सोपा वाटला म्हणूनच थोडी लाज वाटली. पण त्यांनी पिशवीत पुस्तिका, पुठ्ठा आणि कोरा कागद घातला आणि संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला ते स्टेशनापलीकडच्या क्वार्टरकडं गेले.

ललिताचा बाप डोमाजी लहान गाडीच्या रुळांवर सांधेवाला होता. गाडी कोणत्या रुळावर जाणार ते त्याच्या हातातला दांडा ठरवायचा. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्यानं दीक्षा घेतली होती. तिथून परतल्यापासून त्यानं पोरीचा शाळेचा एक दिवस बुडू दिला नव्हता. ताप असला तरी शाळेच्या दारापर्यंत स्वतः घेऊन यायचा आणि मास्तरांनी परत धाडलं तरच न्यायचा. गाडी गेली, सांधा पुन्हा बदलला, कुलूप दोनदा ओढून पाहिलं, तेव्हा कुठं तो घराकडं आला.

"गुरुजी! तुमी काहून आले? सांगावा धाडला असता त म्या आलो असतो." त्यानं खाट झटकली. त्याच्या बायकोनं, वच्छलानं, चहा ठेवला.

मास्तरांनी सगळं सांगितलं. रुचिशून्य हा शब्द त्यांनी गाळला, पण शिफारस नसली तर नववी नाही, हे सांगावंच लागलं. डोमाजी म्हणाला, "ललते, घे पेन्सिल. लिही."

"काय लिहू?"

"गुरुजी म्हनतात तसं. होय लिही."

"बाबा, मले संग्रहालय म्हंजे काय तेच मालूम नाई. आवडते कसं लिहू?"

"लिही म्हन्लं ना! काय जाते आपलं?"

ललिता बापाकडं बघत राहिली. "तुमीच त सांगता, न पाहता हाव म्हनू नाई. हाव म्हटलं का गाडी सुटते."

डोमाजीनं मान खाली घातली. "ते रुळावरचं आहे पोरी. हे कागदावरचं आहे."

"कागदावरचीबी सुटतच असन ना कुठी."

वच्छला आतून म्हणाली, "घ्या! शिकवा आनखी पोरीले." पण तिचा आवाज हसरा होता आणि तो ऐकून मास्तरांना फार अवघडल्यासारखं झालं. धीर द्यायला म्हणून त्यांनी खिशातून स्वतःचा कागद काढला. "हे पाह्य ललिता. मीबी भरला होता. खरं खरं भरला. काय निघालं, जंगलखातं! मी काय जंगलात गेलो? हा नुसता कागद आहे, माय. तुले शिकाचं आहे ना?"

"आहे."

"मंग भर."

तिनं कागद पुढं ओढला. एक, होय. दोन, होय. तोंड असं केलं होतं की कडू काढा पितेय. चहा झाला, डोमाजी एकदा बाहेर जाऊन कंदिलाची काच पुसून आला. एकसष्टाव्या प्रश्नावर पेन्सिल थांबली.

"गुरुजी, इथं गडबड आहे."

"काय?"

"चौदावा म्हनते, मला एकट्याने काम करायला आवडते. एकसष्टावा म्हनते, मला एकट्याने काम करायला मुळीच आवडत नाही. दोन्हीले होय कसं लिहू?" ती मागं-पुढं पानं उलटायला लागली. "हे पाहा, तेविसावा अन् सत्तरावा. मोठ्या आवाजाची भीती वाटते, वाटत नाही. अन् हा अडतीस, हा नव्वद. तीन जोड्या आहेत. चुकून तीनदा होत नाई गुरुजी. कोनं तरी मुद्दाम घातलं." आणि तिनं सवयीनं सहाही आकड्यांभोवती गोल काढले.

मास्तरांना पुरणपोळी आठवली. त्यांनी पिशवीतून पुस्तिका काढली. शेवटची पानं छापखान्यातून आली तशी वरून जोडलेलीच होती. ती कुणी कापलीच नव्हती. डोमाजीनं चाकू दिला. मास्तरांनी पानं कापली आणि एकोणिसाव्या पानावर कंदिलाच्या उजेडात वाचलं:

'मुले पुष्कळदा परीक्षकास खूश करण्याकरिता उत्तरे देतात. अशी मुले ओळखण्यासाठी परस्परविरोधी प्रश्नांच्या तीन जोड्या घातल्या आहेत. कोणत्याही एका जोडीतील दोन्ही प्रश्नांस समान उत्तर असल्यास तो कागद रद्द समजावा. मागील कोष्टके रद्द कागदांस लावू नयेत. होय कमी असून जोड्या बरोबर असल्यास मूल चोखंदळ समजावे व त्याचे होय तेवढेच पाहावेत.'

मास्तरांनी ललिताचा पहिला कागद काढला. चौदावा होय, एकसष्टावा नाही. मोठ्या आवाजाची भीती वाटत नाही, होय. घाईने केलेले काम आवडत नाही, होय. राहिले तीन होय. मोजमाप करणे आवडते. यंत्र कसे चालते ते पाहावेसे वाटते. चूक सापडली की ती दुरुस्त होईपर्यंत चैन पडत नाही.

"आता काय करावं गुरुजी?" डोमाजीनं विचारलं.

"हा अर्धा भरलेला फाडून टाका," मास्तर म्हणाले आणि ताडकन उठले. पुस्तिका घेतली, पुठ्ठा घेतला, पण स्वतःचा जंगलखात्याचा कागद खाटेवरच विसरले.

सोमवारी साहेब आले. पुण्याचे होते, गोरे, बोलायला गोड. वऱ्हाडात येऊन वर्ष झालं तरी कुणी 'काहून?' म्हटलं की आपल्याला दम दिला असं त्यांना वाटायचं. ऑफिसात खुशालराव, पंजाबराव पाटील आणि जानराव मास्तर होते. हार झाला, संत्री झाली.

"अभिनंदन!" साहेब यादी पाहून म्हणाले. "एक्केचाळीस असामान्य! काय आहे माहीत आहे का, सबंध जिल्ह्यातून अशीच गुणवत्ता दिसते आहे. अठराशे मुलं मी आजवर पाहिली, सतराशे असामान्य. मुंबईला तसा अहवालही पाठवला मी. तिकडं फार समाधान आहे."

"जमीनच काळी आहे साहेब," पंजाबराव म्हणाले.

"फक्त ही एक मुलगी..."

"तिचं करून टाकतो साहेब," खुशालराव घाईनं म्हणाले. "नवीन कागद भरून घ्याले सांगतला होता. जानराव, कुठी आहे कागद?"

सव्वीस वर्षांत मास्तर साहेबासमोर 'जी' याखेरीज काही बोलले नव्हते. ते उभे राहिले आणि वर्गात धडा वाचावा तसं एकोणिसावं पान वाचायला लागले. वाचून झालं तरी उभेच राहिले.

वर पंखा कुरकुरत होता.

"कोणतं पान म्हणालात?" साहेबांनी बॅगेतून स्वतःची पुस्तिका काढली. उघडायला गेले, तर अठराच्या पुढं पान उलटेना. त्यांचीही पानं जोडलेलीच होती. त्यांनी ती दोन बोटांनी हळूच फाकवून आत डोकावून पाहिलं, भिंतीच्या फटीतून शेजाऱ्याकडं बघावं तसं.

"म्हंजे काय झालं?" पंजाबराव म्हणाले. "आमचं गोवर्धन खोटं बोललं काय?"

"तसं नाही पाटील..."

"मंग रद्द कोन झालं?"

"एक्केचाळीस," जानराव मास्तर म्हणाले. "ललिताचा एकच कागद खरा आहे."

खुशालराव खुर्चीत बसले. साहेब खिडकीबाहेर बघत होते. एक्केचाळीस इथले, आणि जिल्ह्यातले सतराशे. त्यांना मुंबईचं समाधान डोळ्यांपुढं दिसत असावं.

"मास्तर," ते अगदी हळू म्हणाले, "तुमचं काय म्हणणं आहे? फेरचाचणी घ्यायची का सगळ्या जिल्ह्याची?"

मास्तर हे सगळं रात्री मनाशी घोकून आले होते. फेरचाचणी, सत्य, शास्त्र, असे मोठे मोठे शब्द जमवले होते. आता ओठांवर त्यातला एकही येईना. आला तो एवढाच: "पोरीचं नाव शास्त्राच्या यादीत लिहा साहेब. बाकी मले काही नाई म्हनाचं."

बोलल्यावर त्यांना कळलं की आपण सौदा केला. आयुष्यातला पहिलाच.

साहेबांनी पेन उघडलं. यादीच्या अगदी वर, एक्केचाळीस असामान्यांच्या आधी, ललिताचं नाव लिहिलं, पुढं 'शास्त्र शाखा, विशेष बाब' लिहून सही केली. सही झाल्यावर टोपण लावत म्हणाले, "मुख्याध्यापक, डिंक आहे का हो?"

डिंकाची बाटली खुशालरावांनी स्वतः आणली. जानराव मास्तरांच्या पुस्तिकेची कापलेली पानं साहेबांनी कडेनं व्यवस्थित चिकटवली, वर पेपरवेट ठेवला आणि वाळेपर्यंत दुसरं संत्रं सोललं.

जूनअखेर नववी भरली. शास्त्राच्या वर्गात ललिता पहिल्या बाकावर. मागच्या बाकांवर गोवर्धन आणि त्याचे असामान्य दोस्त. सगळ्या शाखांना योग्य असल्यामुळं त्यांच्या बापांनी सगळ्यात अवघड ती शाखा निवडली होती. जानराव मास्तरांचा पहिला तास. तास संपल्यावर ललिता टेबलाशी आली आणि चार घड्यांचा एक कागद पुढं केला.

"तुमचा कागद घरी राह्यला होता गुरुजी. जरा पुठ्ठा दाखवता का?"

पुठ्ठा कपाटात धूळ खात होता. तिनं तो फ्रॉकला पुसला, मास्तरांच्या कागदावर ठेवला, उचलला, फिरवला आणि पुन्हा ठेवला.

"मले वाटलंच होतं. हा कोपरा कापलेला आहे ना, तो वर पायजे. त्याईनं तुमच्यावर पुठ्ठा उलटा ठेवला होता. तुमचं जंगलखातं नाई गुरुजी."

सहा महिने तो कागद मास्तरांना टोचत होता, खिशात नव्हता तेव्हाही. ते शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, "असं? मंग काय निघते?"

ललितानं भोकं एकदा वरून खाली मोजली. मग खालून वर मोजली.

"कोंबड्या पाळनं," ती म्हणाली. "दोनदा पाह्यलं."

मागच्या बाकावर गोवर्धन फिसकन हसला. मास्तरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खडू उचलून त्याला फळ्याकडं बोलावलं. त्रैराशिक अजून राहिलंच होतं.